पहिल्या किकला

हर्षलची मोटरसायकल जगात कुठेही सुरू व्हायची, फक्त त्याच्या स्वतःच्या अंगणात व्हायची नाही. अंबडला कारखान्याच्या पार्किंगमध्ये ती एका किकला सुरू. नाशिकरोडला चहाच्या टपरीसमोर सुरू. केरू मिस्त्रीच्या गॅरेजात तर ती इतक्या शहाण्यासारखी वागायची, की केरू गाडीऐवजी हर्षललाच वरपासून खालपर्यंत तपासायचा. आणि सकाळी, पहिल्या पाळीच्या घाईत, एकलहऱ्याला दारात किका मारून पोटरी भरून आली तरी हूं की चूं नाही. बरं, रोज तरी बंद पडावी? तसंही नाही. रोज पडली असती तर माणूस मुकाट्याने बसने गेला असता. आठवड्यातून तीन दिवस ती चालू व्हायची, म्हणून चौथ्या दिवशी आशा वाटायची आणि घात व्हायचा.

केरूने प्लग बदलला, कॉइल बदलली, कार्ब्युरेटर दोनदा खोलून धुतला. शेवटी वैतागला. "गाडीत काय बी नाय," तो म्हणाला. "बंद पडलेली तशीच आणून दाखव, मग सांगतो." पण तशीच आणायची कशी? नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे अंगण खरोखरच वाकडं होतं, रस्त्याकडे उतरतं. गाडी घरंगळू नये म्हणून हँडल डावीकडे वळवून पुढच्या चाकाखाली दगड ठेवावा लागायचा. तो काढून, हँडल सरळ करून गाडी उताराला लावली, की रस्त्यावर जाईपर्यंत ती सुरू व्हायची. मग केरूला दाखवायचं काय, डोंबल?

सुपरवायझरने स्पष्ट सांगितलं होतं, आता एकदा जरी उशीर झाला तर फाटकावरून परत. चार वर्षं ठेकेदाराकडे राबून हर्षल आता कुठे कायम होण्याच्या रांगेत आला होता.

तसा हर्षल वाईट नव्हता. पण त्याचा हात आधी चालायचा आणि डोकं मागून यायचं. एका सकाळी त्याने हेल्मेट भिंतीवर आपटून फोडलं. दुसऱ्या सकाळी आरसा उपटून फेकला. तिसऱ्या वेळी निकिता, त्याची बायको, दारातून एवढंच म्हणाली, "अहो, आज रिक्षाने जा ना," आणि त्याने तिच्या कानशिलात अशी ठेवून दिली की ती चौकटीवर आदळली. दिवसभर मशीनवर उभा असताना त्याला तो आवाज ऐकू येत होता. वाईट वाटत होतं. पण घरी येऊन तो त्याबद्दल एक शब्द बोलला नाही, आणि निकितानेही सुजल्या गालाने भाकरी थापून दिली.

अंगण दोन घरांचं होतं. समोरच्या घरात शेखर राहायचा, हर्षलचा थोरला चुलतभाऊ. त्याचा टेम्पो होता, पिंपळगाव बसवंतला कांदा-द्राक्षं वाहायचा. बोअरच्या पाण्यावरून दोन्ही घरांचं बोलणं तुटलं होतं, आणि भाऊबंदकीत एकदा तुटलं की मग समोरच्याच्या खोकल्यातही डाव दिसायला लागतो. हर्षलची आई कुसाबाई दर शनिवारी गाडीला लिंबू-मिरची बांधायची. दोरा तुटून पडायचा, म्हणून ती बारीक लोखंडी तार घ्यायची, हँडलच्या खाली जिथे वायरींचा जुडगा जातो तिथे वेढे द्यायची आणि पकडीने करकचून पिळायची.

"समोरच्याची नजर लय वाईट हाय," ती म्हणायची. "गाडी अंगणातच का मरती, सांग बरं?"

हर्षलला आधी हसू यायचं. मग यायचं बंद झालं. आईचा हिशोब बरोबरच होता की. गाडी बाहेर कुठे बंद पडत नाही, शेखरच्या दारासमोरच पडते. नजर नसेल, तर हात असेल.

गुरुवारी गाडी पुन्हा रुसली. हर्षल घामाघूम होऊन किका मारत होता, तेव्हा शेखर पायरीवर दात घासत उभा होता. दोन वर्षांत पहिल्यांदा तो बोलला.

"हँडल डावीकडं पडलंय. सरळ करून मार बरं एकदा."

हर्षलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने हँडल सरळ करून किक मारली असती, तर गाडी सुरू झाली असती आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण शत्रूने सांगितलेली किक मारायची? त्याने दगडाला लाथ घातली, गाडी उतारावरून रस्त्यावर ढकलली आणि निघून गेला. दिवसभर एकच किडा डोक्यात वळवळत राहिला. याला कसं ठाऊक? ज्याने बिघडवलं, त्यालाच ठाऊक असणार.

शनिवारी तो अंधार फिटायच्या आत उठला आणि खिडकीआड उभा राहिला. झुंजुमुंजू झालं. समोरचं दार उघडलं. शेखर बनियनवर बाहेर आला, पाय न वाजवता गाडीपाशी गेला आणि खाली बसला. त्याच्या हातात पक्कड होती. त्याने कुसाबाईचं लिंबू तोडून मातीत टाकलं आणि बोटं वायरींत घालून बराच वेळ काहीतरी करत राहिला.

हर्षलला बरं वाटलं. हे सांगायला लाज वाटते, पण त्याला अगदी मनापासून बरं वाटलं. इतक्या दिवसांचा संशय खरा निघाला होता. तो दार ढकलून धावला आणि त्याने शेखरच्या पाठीत लाथ घातली.

शेखर तोंडावर पडला. उठू लागला तशी दुसरी बरगडीत बसली. "ऐक, हर्ष्या, तार," एवढं तो म्हणाला, आणि हर्षलने त्याचे केस धरून त्याचं तोंड गाडीच्या फूटरेस्टवर आपटलं. दात पडले. शेखरने आंधळेपणाने पक्कड फिरवली, ती हर्षलच्या कोपराला लागली, आणि त्यानंतर कशालाच धरबंद राहिला नाही. चाकाखालचा दगड हर्षलच्या हातात कधी आला ते त्याला कळलं नाही. एकदा मारला. शेखरने डोक्यावर हात घेतला, तर हातावर मारला, हाड मोडल्याचा आवाज आला. मग पुन्हा डोक्यावर. धोंडाबाई, शेखरची आई, दारात आली आणि दोन्ही हातांनी चौकट धरून उभी राहिली. निकिताने मागून हर्षलच्या कमरेला मिठी मारून त्याला ओढलं, तेव्हा कुठे दगड सुटला.

शेखर कुशीवर पडला होता. कानातून रक्त येत होतं आणि श्वास घरघरत होता. टेम्पो पिंपळगावला माल भरायला लावलेला. निकिताने अँब्युलन्सला फोन केला, तर वेळ लागेल म्हणाले.

"गाडी काढा," ती हर्षलला म्हणाली. "मरतील ते. गाडी काढा म्हणते ना."

तो बसला. स्टँडवर कललेल्या गाडीचं हँडल नेहमीसारखं डावीकडे पडलं होतं, ते सरळ करायचंही त्याला सुचलं नाही. त्याने किक मारली.

गाडी पहिल्या किकला सुरू झाली.

हर्षलने खाली पाहिलं. हँडलच्या खाली, तारेने कापून कापून वायरीचं तांबडं तांबं उघडं पडलं असणार त्या जागी, नवीकोरी काळी टेप गुंडाळलेली होती. व्यवस्थित, घट्ट, एकाला एक लागून वेढे. शेवटचा वेढा तेवढा अर्धा सुटून लोंबत होता, तो त्याने अंगठ्याने दाबला. हँडल डावीकडे वळलं की आईची तार ताणली जात होती, उघड्या तांब्याला टेकत होती आणि गाडी मरत होती. नजर उतरवणाऱ्या तारेनेच. त्याला सगळं समजलं, आणि समजून काहीही उपयोग नव्हता.

कुसाबाई मातीतून लिंबू उचलत होती. "थांब," ती कुणाकडेही न बघता म्हणाली, "आज शनिवार हाय. नवं बांधून देते."

हर्षलने गिअर टाकला.

निकिताने शेखरला मध्ये बसवलं होतं, ओढणीने हर्षलच्या पाठीशी बांधलं होतं आणि मागून स्वतः धरलं होतं. शेखरचं डोकं हर्षलच्या खांद्यावर आपटत होतं. शाळेत असताना शेखरनेच त्याला टाकीवर पुढे बसवून, मागून हात घालून गाडी शिकवली होती. "घाबरू नको, मी हाय मागं," असं सारखं म्हणायचा. आता मागून नुसती घरघर येत होती आणि हर्षलचा शर्ट पाठीला गरम चिकटत होता. नाशिकरोडपर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही. डावीकडची वळणं आली तेव्हाही नाही. हर्षल मोठ्याने रडत होता आणि गाडी उत्तम चालत होती.

दवाखान्यात शेखरला आत घेतलं. हर्षल पळाला नाही, बाकावर बसून राहिला. डॉक्टर बाहेर आले, निकिताशी हळू बोलले, आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. तेव्हा त्याला कळलं.

दुपारी हवालदार आला. सगळं विचारून झाल्यावर त्याने पेन थांबवलं.

"पण भांडण गाडीवरून ना? मग त्यानं गाडीला नेमकं काय केलं होतं?"

हर्षल आपल्या हातांकडे बघत होता. बोटांवर रक्त वाळलं होतं, आणि अंगठ्याला काळ्या टेपचा चिकटा लागला होता.

"नीट केली होती," तो म्हणाला.