जिंकायच्या आधीचा सत्कार

माझ्या मुलीचा सत्कार ती जिंकायच्या आधीच व्हावा, ही हौस माझी. श्यामला, माझी बायको, म्हणत होती, "अहो, निवड चाचणी तर होऊ द्या, मग खुशाल मिरवणूक काढा." पण मी ऐकतोय कसला! शहाण्णव साल होतं. पुण्याहून बंगळुरात, इंदिरानगरात येऊन चार वर्षं झाली तरी मराठी मंडळात मी अजून 'ते पुण्याचे' एवढाच होतो. आता मला सुखदाचा बाप म्हणून मिरवायचं होतं.

सुखदा सोळा वर्षांची. दोनशे मीटर बटरफ्लाय पोहायची. चाचणीत दोन मिनिटं एकतीस सेकंदांच्या आत आली की भारताच्या संघात जागा आणि परदेशातली स्पर्धा, नाहीतर काही नाही. सरावात ती तीनदा त्या वेळेच्या आत आली होती, म्हणून मी अगदी निर्धास्त.

सत्कार रविवारी, चाचणी गुरुवारी. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली, मग पेढे. आपल्याकडे पेढा हातात देऊन भागत नाही, भरवावा लागतो. मंडळाचे अध्यक्ष भीमसेनराव, तीन पिढ्या बंगळुरातले, रुमालानं नाक पुसत पुढे आले. "स्वल्प थंडी झालीया मला, दुसरं काय नाही," म्हणाले. अर्धा पेढा स्वतः खाल्ला आणि उरलेला सुखदाच्या तोंडापुढे धरला. तिनं माझ्याकडे पाहिलं. नको म्हणू का, असं विचारत होती ती. मी डोळे वटारले. मोठ्या माणसाचा हात चारचौघांत परतवायचा नसतो, हे मीच तिला शिकवलं होतं. तिनं तोंड उघडलं.

मंगळवारी संध्याकाळी तिचा घसा खवखवायला लागला, बुधवारी नाक चोंदलं. ताप नाही, अंगदुखी नाही. एवढ्याशा सर्दीला कोणी शाळेतून सुट्टीही दिली नसती. मी गोळी आणायला निघालो, तर तिचे प्रशिक्षक सुधींद्र सर फोनवर ओरडलेच, "नो टॅब्लेट! टेस्ट में पकड़ा जाएगा!" सर्दीच्या गोळीत बंदी असलेलं औषध असू शकतं, हे मला तेव्हा कळलं. मग उरलं काय? वाफ, गुळण्या, हळदीचं दूध. श्यामला पातेलं घेऊन तिच्यामागे आणि मी श्यामलाच्या मागे. "आणखी एकदा घे. गुळण्या केल्यास का?" शेवटी सुखदा म्हणाली, "बाबा, तुम्ही जरा बाहेर बसा ना." मी बाहेर जाऊन बसलो.

गुरुवारी मी तलावाच्या प्रेक्षक गॅलरीत, हातात घड्याळ. तिसऱ्या फेरीपर्यंत ती हव्या त्या वेळेच्या अर्धा सेकंद पुढे होती. दर दोन हातांनी एकदा श्वास घेणारी पोर शेवटच्या फेरीत प्रत्येक हाताला डोकं वर काढायला लागली. जीव तीळतीळ तुटणं काय असतं ते तेव्हा कळलं. ओरडावं तर काय ओरडू? श्वास घे म्हणून?

दोन बत्तीस पूर्णांक चार. ती पहिली आली. पण प्रश्न नंबराचा नव्हताच.

मी लाज सोडून निवड समितीच्या गृहस्थांकडे गेलो. "तिला सर्दी आहे हो," म्हणालो, आधी मराठीत, मग हिंदीत. गृहस्थ भले होते. "सर्दी तो सबको होती है, साहब," म्हणाले आणि कागद गोळा करू लागले.

सोमवारी सकाळी तिचं नाक मोकळं झालं. मी म्हटलं, आज राहू दे सराव. पण ती निघालीच, आणि सरांना म्हणाली, "सर, टाइम लीजिए." मी काठावर उभा होतो. ती अशी पोहली की मी घड्याळाकडे बघायचंच विसरलो. सरांनी मात्र बघितलं. मग त्यांनी घड्याळ माझ्यापुढे धरलं.

"किती आलं, बाबा?" भिंत धरून धापा टाकत सुखदा विचारत होती.

खोटं सांगावंसं वाटलं, शप्पथ. जास्तीचा आकडा सांगितला असता तर ती समजली असती की आपण कमीच पडलो, आणि मी सुटलो असतो.

"दोन तीस पूर्णांक दोन," मी म्हणालो.

ती हसली. मग तिचा चेहरा हळूहळू उतरला.

"म्हणजे मला जमत होतं, बाबा."