पाठवण्याचा हेतू: भेट

परदेशी पार्सलं पाठवणाऱ्या ऑनलाइन कंपनीत मी अडलेल्यांच्या टेबलावर बसते. जगात कुठेही आमचं खोकं जकातीत अडकलं, की बोंब माझ्या स्क्रीनवर येते. दहातल्या नऊ वेळा चूक पाठवणाऱ्याचीच असते. माणसं फॉर्म वाचतच नाहीत. वजनाच्या चौकटीत फोन नंबर लिहितात, 'आत काय आहे?' यापुढे 'सामान' लिहून मोकळी होतात आणि वर माझ्यावरच ओरडतात. मीही काही गरीब गाय नाही.

मंगळवारी सकाळी मात्र जे खोकं अडलं होतं, त्यावर पाठवणारे म्हणून माझ्या वडिलांचं नाव होतं.

बाबा जोडे शिवतात, ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो त्यांचे. एका जोड्याचा तळ जाड, दुसऱ्याचा पातळ. चालताना कुणाच्या लक्षातही येत नाही. त्यांचं दुकान मीच ऑनलाइन आणलं. गिऱ्हाईक कागदावर पाऊल ठेवून भोवती पेन्सिल फिरवतं, पाय किती आखूड तेही लिहितं आणि फोटो पाठवतं, बाबा जोडा शिवतात, फॉर्म मी भरते. हा एकच फॉर्म त्यांनी मला न सांगता भरला होता. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

'पाठवण्याचा हेतू' या प्रश्नाला आमच्याकडे चार उत्तरं आहेत: विक्री, भेट, नमुना, परत. बाबांनी 'भेट' निवडलं होतं आणि सोबत बिल जोडलं होतं विक्रीचं. जकातवाल्यांना तेवढं पुरलं.

संध्याकाळी मी तडक त्यांच्या कामाच्या खोलीत गेले. ते एका टाचेला सोल्युशन लावत होते.

"बाबा, भेट कशाला निवडलंत?"

"मग काय निवडू? नमुना?"

"नमुना तुम्ही आहात! जोडा विकलाय ना? उद्या 'विक्री' करून टाकते. दोन मिनिटांचं काम आहे."

"हात लावू नकोस."

आवाज चढला नव्हता, म्हणूनच मी थबकले. त्यांनी ड्रॉवरमधून पावलाच्या फोटोचा छापील कागद काढून माझ्यापुढे ठेवला. वर कुणा परक्याचं नाव होतं.

"हा तुझा दादा आहे," ते म्हणाले.

"मापावरून कळलं? सुतावरून स्वर्ग गाठताय."

"सुतावरूनच. डावा पाय दीड इंच नि एक सूत आखूड. करंगळी बघ, कशी आत वळलीय. चालायला लागल्यापासून हे पाऊल मी मांडीवर घेतलंय. नाव बदलता येतं गं, पाऊल कुठून बदलणार?"

मी कागदाकडे बघतच राहिले. दादाला या खोलीत जन्म काढायचा नव्हता आणि बाबांना दुसरं काही ऐकायचं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी तो डोक्यात राख घालून निघाला, तेव्हा बाबा म्हणाले होते, "जायचं तर जा, पण माझा जोडा पायात घालून जाऊ नकोस." दादाने दाराशी जोडे काढून ठेवले आणि साध्या चपला घालून, लंगडत जिना उतरला. तेव्हापासून अळीमिळी गुपचिळी. मला वर्षातून दोन ओळी यायच्या, बाबांना तेवढ्याही नाहीत. दोघांचाही मला राग आला होता आणि तो अजून गेलेला नव्हता.

"भेट निवडली की नातं विचारतात तुमच्याकडे," बाबा म्हणाले. "मी 'मुलगा' लिहिलं."

आता सगळा घोळ माझ्या ध्यानात आला. नावं जुळत नव्हती, म्हणून जकातवाले घेणाऱ्यालाच विचारणार होते: हे नातं खरं आहे का? असेल तर खऱ्या नावाचं ओळखपत्र दाखवा. मुदत तीन दिवस. 'नाही' म्हटलं किंवा गप्प बसलं, तर खोकं परत. म्हणजे दादाला खोटं नाव तरी सोडावं लागणार होतं, नाहीतर जोडा तरी.

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"तर परत येईल. मला कळेल तरी."

बुधवारी मी चारदा ते पान उघडलं. 'विक्री' केलं असतं तर संध्याकाळपर्यंत खोकं सुटलं असतं. साध्या चपलांनी दादाची पाठ धरते, रात्र रात्र झोप लागत नाही, हे मला ठाऊक होतं. निदान जोडा तरी मिळू दे त्याला, असं वाटायचं. पण बाबांनी सहा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतं, आणि तो प्रश्न पुसायचा हक्क मला नव्हता. गुरुवारीही उत्तर आलं नाही. त्या दिवशी मी तीन गिऱ्हाइकांवर उगाचच खेकसले.

शुक्रवारी, मुदत संपायला दोन तास असताना, ओळखपत्र आलं. नाव दादाचं. नातं: मान्य. खाली शेऱ्याच्या चौकटीत मजकूर होता. अडलेल्यांच्या टेबलावर कोण बसतं, हे त्याला माहीत होतं.

"माझ्या नावाने बाबा शिवतील असं वाटलं नाही, म्हणून मित्राचं नाव दिलं. जोडा पायात घालू का, ते त्यांना विचारून सांग."

मला रडू फुटलं, ऑफिसात, सगळ्यांदेखत. तसाच बाबांना फोन लावला आणि शेरा वाचून दाखवला. पलीकडे हातोडीची ठकठक थांबली.

मग घसा खाकरून म्हणाले, "लिही. नवा जोडा आहे, पहिले आठ दिवस घरातच घाल म्हणावं. चावेल."