एका कानाचा मूळपुरुष

सावळारामच्या गोदूला शेलार गावचं स्थळ आलं ते चौऱ्याहत्तर सालच्या माघात. स्थळ भारी होतं. केसरीनाथची खाडीकाठची शेती, तिच्यातल्याच एका तुकड्यावर नवी लूमची शेड, आणि शेडचा कारभार बघणारा एकुलता मुलगा चांगदेव. सावळाराम दिघाशीचा, भिवंडीत दुसऱ्याच्या लूमवर शिफ्ट करणारा. पण चांगदेवानं गोदूला वज्रेश्वरीच्या जत्रेत बघितलं होतं आणि घरी सांगून टाकलं होतं, करीन तर हिलाच.

बोलणी करायला बसल्यावर केसरीनाथनं मानपान, देणंघेणं सगळं बाजूला ठेवलं आणि आपल्या आजोबालाच हात घातला. "आमचा लडकूबा! खाडीचं पाणी बांध घालून अडवलं त्यानं. आधी तिथं नुसते खेकडे होते, मग भात आला. तुमच्यात कोण होता का असा?"

सावळारामला ते झोंबलं. "होता ना," तो म्हणाला, "माझा पणजा, नवशाबा. दिघाशीचं रान तोडून पहिली खाचरं त्यानं पाडली. वाघाशी लढता लढता गेला." यातलं 'लढता लढता' त्यानं जागच्या जागी घातलं होतं.

"मग नीट माहिती काढून या," केसरीनाथ म्हणाला. "लग्नात चार माणसांना सांगायला बरी."

शुक्रवारी लूम बंद. सावळाराम सकाळीच भावकीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या दाजीकडे जाऊन बसला.

"लढला बिढला काय न्हाय," दाजी म्हणाला. "रान तोडायला गेला तो आलाच न्हाय. शोधायला गेले त्यांना कान गावला. डावा. बाळीसकट."

"नुसता कान?"

"नुसता कान. पण रीत कशी सोडायची? तिरडी बांधली. चौघांनी खांदा दिला. वाऱ्यानं उडू नये म्हणून कानावर दगड ठेवलेला. एवढ्याशा कानाला अग्नी तरी काय द्यायचा, म्हणून मग बांधावर पुरला. तुम्ही दिवाळीला नारळ फोडताय ना, तो त्याच दगडावर."

सावळारामची छाती फुगली. असा पूर्वज अख्ख्या तालुक्यात कोणाचा नसणार! दुपारची एसटी पकडून तो थेट शेलारला गेला आणि केसरीनाथच्या ओटीवर बसून त्यानं सगळं रंगवून सांगितलं. चांगदेव तोंड उघडं टाकून ऐकत होता. कोपऱ्यात केसरीनाथची आई, आक्का, वाल सोलत बसली होती. तिनं मान वर केली.

"कंचा कान म्हणालास?"

"डावा, आक्का."

"माझ्या सासऱ्याला पण डावा कान नव्हता."

आक्काचा सासरा म्हणजे लडकूबा, खाडी अडवणारा.

"वाघानं नेला म्हणायचा," आक्का सांगू लागली. "मी नवी नवरी, डोक्यावरचा पदर सावरून ऐकायची. रानातल्या कातकऱ्यांनी उचलून नेला, झोपडीत ठेवून बरा केला. उठून घरी गेला तर दारात मांडव. कोण गेलं म्हणून विचारलं, तर याचंच तेरावं! पंगत बसलेली. भरल्या पानावरून माणसं उठवायची कशी? लाज वाटली त्याला. मुंडाशात तोंड झाकून शेवटच्या पानावर बसला. बायकोनंच भात वाढला. 'पोटभर जेवा, पावणं,' म्हणाली. जेवला, हात धुतला आणि चालत इथं आला. म्हणायचा, तसा भात मी पुन्हा कधी खाल्ला न्हाय."

"गाव कुठलं सांगायचा?" सावळारामनं पुढे सरकून विचारलं.

"दिघाशी. आता मला काय माहीत तुझाच तो!"

सावळारामच्या अंगावर आनंदानं काटा आला. नवशाबा मेला नव्हता! त्यानं रान तोडलं, खाडी अडवली, दोन घराणी उभी केली! केसरीनाथ मात्र बोटांवर मोजून नातं लावत होता आणि त्याचं तोंड उतरत चाललं होतं.

"सावळाराम, तो तुझा पणजा आणि माझा आजा. म्हणजे मी तुझा काका."

"हो, काका!"

"आणि चांगदेव तुझा चुलतभाऊ."

"म्हणजे गोदूचा..." सावळाराम बोलता बोलता थांबला.

"काका," चांगदेव म्हणाला आणि उठून आत निघून गेला.

एका भावकीत सोयरीक कशी व्हायची? सावळाराम घरी परतला तो चोरासारखा. गोदूनं सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "बाबा, आपण दरवर्षी नवशाबाला पान ठेवतो. कावळे येऊन खातात. तो शेलारला जिवंत होता तेव्हाही कावळे खातच होते ना, ते काय उगीच?"

"म्हणजे?"

"म्हणजे तो मेला. शेलारला गेला तो तेराव्याला आलेला पावणा."

सावळारामला हे पटलं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. दोन्हीकडची मंडळी गणेशपुरीजवळच्या एका भटजींकडे गेली. भटजींनी कान कुठे पुरला, किती जण जेवले, सगळं विचारलं.

"मुलगी बरोबर बोलते," ते म्हणाले. "ज्याचं तेरावं झालं तो गेला. त्याचं गोत्र, भावकी, सगळं सुटलं. पण मग जो जेवून पुढे गेला त्याला जन्म हवा. तुम्ही त्याचं बारसं केलं होतं का?"

"आजोबाचं? आम्ही?" केसरीनाथ म्हणाला.

"मग करा. तुमच्या घरात, नवीन नावानं. त्याशिवाय लग्न लागणार नाही."

फाल्गुनात शेलारला लडकूबाचं बारसं झालं. मरून त्याला साठ वर्षं होत आली होती. पाळणा सजवला, घुगऱ्या शिजवल्या, कुंची घातलेला नारळ पाळण्यात ठेवला. पाळण्याची दोरी घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईच्या हातात, म्हणून आक्का बसली. पण पाळण्यात सासरा! तिनं डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला आणि खालच्या मानेनं, अर्ध्या आवाजात पाळणा म्हणायला घेतला. एका कडव्यात "बाळा" म्हणायची वेळ आली तेव्हा तिनं जीभ चावली आणि "मामंजी" म्हणाली.

आत्या म्हणून शेजारची कमळा आली होती. नाव सांगायला ती वाकली आणि तशीच थांबली. "कंच्या कानात सांगू?"

"उजव्या," पदराआडून आक्का म्हणाली. "डावा दिघाशीला हाय."

बायका हसून हसून पडल्या. केसरीनाथ हसला नाही. आजोबा आताच जन्मला, तेव्हा आपण नक्की कोण, हे त्याला कळेनासं झालं होतं. सावळाराम पाहुणा म्हणून एका बाजूला घुगऱ्या खात उभा होता. केसरीनाथकडून पेढा घेताना त्याच्या तोंडून "काका" निघालं तेव्हा भटजींनी डोळे वटारले. त्यानं लगेच "व्याहीबुवा" केलं.

वैशाखात लग्न लागलं. चांगदेव आणि गोदू इतके खूश होते, की कोण कोणाचं कोण हे त्यांच्या गावीही नव्हतं. केसरीनाथनं चार माणसांना सांगायचं म्हणून नवशाबाची गोष्ट सांगितली, वाघासकट, आणि कान पुरल्यावर संपवली. पुढचं कोणी विचारलं नाही.

सावळारामला मात्र चुटपुट लागून राहिली. एका दुपारपुरता त्याचा पणजा परत आला होता आणि लेकीसाठी त्यानं स्वतःच त्याला पुन्हा मारून टाकलं होतं. लेकीला भेटायला पहिल्यांदा शेलारला गेला तेव्हा तो आक्काजवळ जाऊन बसला. आजूबाजूला कोणी नाही बघून त्यानं हळूच विचारलं, "आक्का, त्याला कधी आठवण यायची का आमची?"

आक्कानंही दाराकडे एकदा बघून घेतलं.

"लावणीच्या दिवसांत बांधावर उभा राहायचा," ती म्हणाली. "दिघाशीच्या अंगाला काळे ढग दिसले की लय खूश व्हायचा. आमच्या वावरात पाणी असो नसो. आम्हाला वाटायचं, म्हातारा खुळा झाला."