दोन ट्रॉल्यांना रिव्हर्स नसतो

यशश्रीचा साप मेला तेव्हा तिच्या तोंडात शेंगदाणे होते. ते चावायचंही ती विसरली.

"मेली! यशी मेली! पुन्हा मेली!" टेबलावरच्या मोबाइलमधून वरदचं ओरडणं अख्ख्या ओसरीत घुमलं.

शेजारच्या क्वार्टरमधून पाशामियाँ धावतच आले. पायात एकच चप्पल. "काय झालं, बेटी? कोण गेलं?"

"कोणी न्हाई, पाशाचाचा. साप मेला."

"साप? घरात?" ते दोन पावलं मागं सरले.

यशश्रीनं हसत लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. खेळ तसा येडपटच होता. काळ्या मैदानात कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांचे रंगीबेरंगी साप वळवळत असायचे. चमकते दाणे खायचे अन् लांब व्हायचं. आपलं डोकं दुसऱ्याच्या अंगाला लागलं की आपण फुटलो. आपल्या अंगाचे दाणे होतात अन् टपून बसलेले बाकीचे ते मटकावतात. माउसचं बटण दाबलं की साप सुसाट सुटतो, पण तेवढा झिजतोही. एवढंच. जालन्याचा मामेभाऊ वरद लिंक पाठवायचा अन् दोघं फोन चालू ठेवून एकाच मैदानात उतरायचे.

आता मात्र त्या येडपट खेळावर सगळी दिवाळीची सुट्टी पणाला लागली होती.

गेली चार वर्षं दिवाळीनंतर यशश्रीच जालन्याला जायची. मामाकडची मुलं इकडं अंकुशनगरला, कारखान्याच्या वसाहतीत, कधी म्हणजे कधी आली नाहीत. यंदा तिनं फोनवर विषय काढला, तर वरद म्हणाला होता, "तुमच्याकडं काय आहे? कारखाना अन् मळीचा वास!" ते तिला फार लागलं. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्यापर्यंत येते, ती तिला वरदला दाखवायची होती. मग ठरलं. दिवाळीआधीच्या रविवारी पाच ते सहा खेळायचं. सहाच्या ठोक्याला पडद्यावरच्या नंबरांच्या यादीत जो वर, त्याच्याकडं सुट्टी. मधे मेलं तर पुन्हा पिल्लापासून सुरुवात.

रविवारला बारा दिवस होते, अन् यशश्री रोज मरत होती.

"जरा सरक," पाशामियाँ म्हणाले. खुर्चीत बसले, माउस धरला आणि विचारलं, "हॉर्न कुठंय?"

"हॉर्न नसतो, चाचा!"

"मंग समोरच्याला कळणार कसं?"

फोनमध्ये वरद खदखदून हसला. पण चाचांचा साप वीस मिनिटं जगला. ना पळाला, ना कुणाच्या वाटेला गेला. एकदा समोर दाण्यांचा मोठा ढीग पडला, चार साप त्यावर तुटून पडले. यशश्री किंचाळली, "चाचा, खा, खा!"

"न्हाई. आत जायला जागा हाये, निघायला न्हाई."

ढिगात शिरलेले तीन साप एकमेकांवर आपटून फुटले. यशश्री त्यांच्याकडं बघतच राहिली.

पाशामियाँनी तीस हंगाम कारखान्यावर ऊस ओढला होता. ट्रॅक्टरला मागं दोन ट्रॉल्या जोडून. "एक ट्रॉली मागं घेता येते," त्यांनी सांगितलं. "दोन जोडल्या की त्या आडव्यातिडव्या मोडतात, बिलकुल ऐकत न्हाईत. म्हणून ज्या गल्लीतून पुढं निघता येत न्हाई, त्या गल्लीत शिरायचंच न्हाई. तुझ्या या सापाला तरी कुठंय रिव्हर्स?"

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. खेळ बंद, लॅपटॉप बंद! चाचांनी सुतळीला सहा चपला बांधल्या. त्यात एक रहिमुन्निसाचाचींची नवी होती. अंगणात दोन बाजा, एक बादली अन् सायकल मांडली.

"डोकं तू. मागं या चपला. यातून फिरून ये. मागं सरकायचं न्हाई अन् चप्पल कशाला घासायची न्हाई."

पहिल्याच फेरीत यशश्री भिंत अन् बाजेच्या मधे अडकून बसली. चाचा रागावले नाहीत. सुतळी सोडवली, "चल, फिरून एकदा" म्हणाले. दहाव्यांदा अडकली तेव्हाही तेच म्हणाले, त्याच आवाजात. फक्त शिरायच्या आधी दर वेळी विचारायचे, "निघणार कुठून?" आणि तिनं बोटानं वाट दाखवल्याशिवाय पाऊल टाकू द्यायचे नाहीत.

"अहो, माझी चप्पल द्या, बाजारात जायचंय!" आतून चाची ओरडायच्या.

"ती गाडीला जोडलेली हाये, बेगम. उद्या जा."

रविवार उजाडला. आई चकल्या तळत होती, पण पाचला तीही झारा घेऊन दारात आली. यशश्रीनं सापाला नाव दिलं: दोन ट्रॉल्या. वरदचं नाव होतं जालना किंग.

"हे काय नाव आहे का? हळूबाई!" वरद म्हणाला.

"तू तुझं बघ, वरद्या."

पावणेसहा वाजले. ती एकदाही मेली नव्हती! साप चांगला जाडजूड झाला होता, यादीत सातवा. पण जालना किंग दुसरा होता. वरदनं नुसतं कडेकडेनं फिरत राहायचं म्हटलं असतं, तरी सुट्टी त्याचीच होती. पण तेवढ्यानं त्याचं भागणार नव्हतं.

"यशे, थांब. तुला खाऊनच दिवाळी करतो!"

जालना किंग उजवीकडून आला. लांबच लांब हिरवं अंग तिच्याभोवती फिरत गेलं, फिरत गेलं, अन् बघता बघता गोल पूर्ण झाला. दोन ट्रॉल्या आत कोंडल्या.

"अडकली! आई, इकडं ये, यशी अडकली!" फोनमध्ये जल्लोष उसळला.

यशश्रीचं बोट माउसच्या बटणावर गेलं. आता सुसाट सुटायचं, कुठूनही.

"निघणार कुठून?" मागून शांत आवाज आला.

तिनं पडद्याकडं बोट नेलं. बोट हवेतच फिरलं. "कुठूनच न्हाई, चाचा."

"मंग घाई कशाची? कारखान्याच्या यार्डात गाडीचा नंबर लागेपर्यंत आपण काय करतो?"

"थांबतो."

तिनं बटणावरचं बोट काढलं अन् आतल्या आत छोटे छोटे गोल मारायला लागली. एक गोल. दुसरा. वरद गोल आवळत होता. घड्याळात पाच छप्पन.

"मर ना आता!"

"तूच ये की आत. चहा पाजते."

आईला हसू फुटलं, झाऱ्यातून तेल ठिबकलं. वरद मात्र चिडला. त्यानं बटण दाबून धरलं. जालना किंग सुसाट गरगरू लागला, अन् त्याच्या शेपटीतून दाणे गळायला लागले. तो झिजत होता! अंगाचा गोल आता त्यालाच पुरेना. डोकं अन् शेपटी यांच्यामधे एक फट पडली. मिटली. पुन्हा पडली, पहिल्यापेक्षा मोठी.

"इथून!" यशश्रीनं पडद्यावर बोटच आपटलं.

"जा!"

ती पहिल्या गिअरमध्ये गेली. डोकं बाहेर. मागं पहिली ट्रॉली बाहेर. वरदला ती निसटताना दिसली अन् त्यानं फट बुजवायला झेप घेतली. जालना किंगचं डोकं थेट तिच्या दुसऱ्या ट्रॉलीवर आदळलं.

फट्! हिरव्या दाण्यांनी अर्धा पडदा उजळला.

"आईऽऽ!" यशश्री खुर्चीवर उभीच राहिली, मग माउस आठवला अन् पुन्हा बसली. परके साप ढिगाकडं सुटले होते. तिनं आधी वाट बघितली, बोट दाखवलं, आणि कडेकडेनं खात गेली. सहा वाजले तेव्हा दोन ट्रॉल्या तिसऱ्या नंबरावर होत्या. जालना किंग यादीत कुठंच नव्हता.

फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. यशश्रीला वाटलं, वरद उठून गेला की काय.

"ए यशे," तेवढ्यात वरद म्हणाला, "तो नंबरवाला यार्ड खरंच आहे का तुमच्याकडं?"

"आहे ना. अन् ट्रॅक्टरची रांग पार रस्त्यापर्यंत असते!"

"मग आम्ही भाऊबीज झाली की येतो. चौघं. ट्रॅक्टरवर बसू देतील का?"

यशश्रीनं चाचांकडं पाहिलं. पाशामियाँ फोनपाशी वाकले आणि मोठ्यानं म्हणाले, "बसू देऊ की, बेटा. पण येताना जास्तीच्या चपला घेऊन या. आमच्या घरातल्या गाडीला जोडलेल्या हायेत."