पूजेआधीची गोळी

धनश्री लग्न होऊन राणीसावरगावात आली त्याला चारच महिने झाले होते. परभणीच्या कॉलेजातून तिनं रसायनशास्त्रात पदवी घेतली होती. घरात आलेल्या कुठल्याही पाकिटावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय तिला चैन पडत नसे. सासूबाई गंगम्मा तिला गमतीनं तलाठीण म्हणायच्या.

गंगम्मांचा नेम कडक. अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय अन्नाचा कण तोंडात जायचा नाही. पाऊण तास मांडी घालून बसायचं, आणि गुडघे तर दोन वर्षांपासून धरलेले. म्हणून उठल्याउठल्या त्या घोटभर पाण्याबरोबर एक पिवळी गोळी घ्यायच्या. थोड्या वेळानं गुडघा सैल पडायचा, मांडी बसायची. गोळी म्हणजे काही अन्न नव्हे, त्यामुळे नेमही मोडत नव्हता. डॉक्टरांनी ती दहाच दिवसांसाठी दिली होती. पुढे मुलगा, म्हणजे धनश्रीचा नवरा शिवप्रकाश, गंगाखेडहून पाकिटं आणत राहिला. सोमवारी उपास असायचा. त्या दिवशी गोळीवर दिवस मावळेपर्यंत नुसतं पाणी.

अशाच एका सोमवारी पूजेवरून उठताना गंगम्मांचा तोल गेला. धनश्रीनं त्यांना धरून बाजेवर बसवलं. ओठ पांढरे पडले होते. उपासानं होतं असं, त्या म्हणाल्या. धनश्रीनं कोनाड्यातलं पाकीट काढलं, त्याला गुंडाळलेली दुकानदाराची जुनी चिठ्ठी उलगडली. ‘दहा दिवस. जेवल्यावर.’

ती बाजेच्या कडेला बसली.

“अव्वा, रागावू नका. परसाकडला काळं होतंय का?”

“सासूला हे इचारायचं शिकविलं का गं कालेजात?” गंगम्मा म्हणाल्या. मग आवाज खाली आला. “चार दिस झाले. डांबरावानी. मला वाटलं, कारळाच्या चटणीनं.”

धनश्रीनं शांतपणे समजावलं. ही गोळी दुखणं दाबते, तशी पोटाच्या आतल्या अस्तराची राखणही कमी करते. तिथं जखम झाली की रक्त काळं होऊन उतरतं. आजच्या आज दवाखाना गाठायला हवा. शिवप्रकाशनं उद्यावर ढकलून बघितलं, पण ती तोवर पिशवी भरून दारात उभी होती.

जखमच निघाली. गंगाखेडला तीन दिवस ठेवून घेतलं, रक्त चढवलं. घरी सोडताना डॉक्टरांनी पिवळी गोळी कायमची बंद केली, जेवल्यावरसुद्धा नाही. पोटासाठी वेगळं औषध दिलं. गुडघ्यासाठी साधी तापाची गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवून, सांगितलं त्याहून एकही जास्त नाही. सर्दीच्या तयार गोळ्यांतही बऱ्याचदा हेच औषध असतं, तेव्हा त्या वरून घ्यायच्या नाहीत. धनश्रीनं सगळं लिहून घेतलं.

घरी आल्यावर गंगम्मांनी मांडी घालून बघितली. नव्या गोळीनं ठणका कमी व्हायचा, पण पाय दुमडायचा नाही.

“जीव राहिला,” त्या म्हणाल्या, “पण मांडीच बसंना, तर माझी पूजा संपली म्हणायची का?”

धनश्री भाजी निवडत होती. तिनं मान वर केली.

“दवाखान्यात पूजा चुकली का, अव्वा?”

“चुकंल कशी? खाटंवर बसून केली की.”

“तेव्हा पाय कुठं होते?”

गंगम्मा सांगायला गेल्या आणि थांबल्या. त्यांनी आपल्या डाव्या तळहाताकडे बघितलं.

“खाली लोंबत,” त्या हळूच म्हणाल्या. “लिंग हातावर असतंय, अन् मी दोन वर्षं गुडघ्यालाच धरून बसले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शिवप्रकाशकडून खुर्ची धुऊन घेतली, तिच्यावर पूजेची धाबळी अंथरली आणि पाय सोडून बसल्या. पूजा झाली तशी धनश्री ताट घेऊन आली.

“दुखतंय का?”

“दुखतंय की. पण आडवं येईना.” त्यांनी ताटात डोकावलं. “कारळाची चटणी वाढ की वाईच. तिला उगंच बोल लावला.”

“तिखट महिनाभर बंद सांगितलंय.”

“कुठं लिहिलंय?”

धनश्रीनं कागद पुढे धरला. गंगम्मांनी तो दूर धरून नीट वाचला, मग भाकरी मोडली.