खाचेतले कुंकू

शुभंकर पुन्हा एकदा गॅलरीत जाऊन खाली वाकून पाहून आला, तेव्हा उत्कर्षाच्या मनात प्रथमच असा विचार आला की, हा कॅमेरा याचा नसावा.

वाघोलीतल्या त्या पाचव्या मजल्यावरच्या घरात ती आणि तिचे मामा श्रीनिवास येऊन थोडाच वेळ झाला होता. काचेच्या टेबलावर एक दणकट कॅमेरा, त्याला चढवलेली मोठी झूम लेन्स आणि शेजारी पन्नास मिलिमीटरची छोटी लेन्स असा सरंजाम मांडलेला होता. 'तिन्ही एकत्र. आजच न्यायचे,' एवढेच जाहिरातीत लिहिले होते. किंमत इतकी उतरवलेली होती की आनंद व्हावा की संशय यावा, हे ठरवणे कठीण होते. उत्कर्षाला आनंद झाला होता. मामांना संशय आला होता, आणि ते केवळ त्या संशयाच्या सोबतीने हडपसरहून इथवर आले होते.

"बिल?" मामांनी विचारले.

"हरवलं, काका."

"खोका?"

"त्याला वाळवी लागली."

"पाचव्या मजल्यावर?" मामा म्हणाले. "लिफ्टने आली असेल."

शुभंकर हसला नाही. "काका, तुम्ही कॅमेरा चेक करा ना. बिलाने फोटो निघतात का?"

"नाही निघत. पण कॅमेरा कुणाचा, हे फोटोवरून कळत नाही. बिलावरून कळतं."

मामांनी आयुष्यभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले होते, आणि निवृत्तीनंतर विद्यार्थी न उरल्यामुळे आता ते भेटेल त्याला शिकवीत. एरवी उत्कर्षाला त्यांची गंमत वाटे. आज भीती वाटत होती. कारण हा कॅमेरा हातचा गेला, तर उद्या सकाळी तिच्याजवळ काहीच नव्हते.

हडपसरमध्ये एका हिशेबनिसाच्या कचेरीत ती नोकरी करी आणि फावल्या वेळात मैत्रिणीच्या कॅमेऱ्यावर हात बसवी. मैत्रीण गेल्या आठवड्यात कॅमेऱ्यासह बंगळुरूला निघून गेली, आणि नेमके त्याआधी शेजारच्या आम्रपालीताईंनी आपल्या मुलीच्या बारशाचे फोटो काढण्याचे काम तिला दिले होते. पहिलेच काम. "कॅमेरा तुझा स्वतःचा आहे ना?" असे त्यांनी विचारले होते, आणि उत्कर्षा "हो" म्हणून बसली होती. हा शब्द आज रात्रीपर्यंत खरा करणे तिला भाग होते. मुलीचे नाव एकदाच ठेवले जाते. त्या क्षणी रिकाम्या हाताने उभ्या राहिलेल्या फोटोग्राफरला त्या गल्लीत पुन्हा कुणी बोलावले नसते.

"लवकर डिसाइड केलंत तर बरं," शुभंकर म्हणाला. "सहाच्या आत. नंतर मला जमणार नाही." आणि तो पुन्हा गॅलरीकडे गेला.

उत्कर्षाने कॅमेरा उचलला. लेन्स काढून भिंगातून मोबाइलचा उजेड आरपार सोडला. पावसाळ्यात धरते ती बुरशीची पांढरी जाळी कुठेच नव्हती. तिने खिडकीचा, पंख्याचा, मामांच्या कपाळावरच्या आठ्यांचा फोटो काढला. प्रत्येक आठी स्वच्छ उमटली. हाच कॅमेरा तिला हवा होता. इतका की, दोष सापडू नये अशी इच्छा धरूनच ती दोष शोधीत होती.

"कितपत वापरलाय?"

"फारच रेअरली. नवा घेतला, लडाखला नेला, एकदा गोव्याला. मग पडूनच आहे."

तिने अंगठ्याखालचे रबर पाहिले. ते झिजून गुळगुळीत झाले होते, आणि बटणांवरची अक्षरे पुसट होत होत नाहीशी झाली होती. एका लडाखने आणि एका गोव्याने अशी झीज होत नाही. तरीही तिने तो विचार बाजूला सारला. मग कॅमेरा उलटसुलट करताना, माथ्यावर फ्लॅश बसवायची जी धातूची खाच असते, तिच्या कोपऱ्यात तिला काहीतरी तपकिरी दिसले. तिला तो गंज वाटला. तिने नखाने खरवडले. नखावर लाल भुकटी आली, आणि तिच्याखाली पिवळी.

हळद आणि कुंकू.

तिला ते ओळखायला क्षणही लागला नाही. तिचे वडील कारखान्यात हत्यारे घडवीत, आणि दर खंडेनवमीला घरातली हत्यारे पाटावर मांडून त्यांना हळद-कुंकू वाहत. दुसऱ्या दिवशी ती कितीही पुसली, तरी खाचेत शिरलेले कुंकू निघत नसे. वर्षभर ते तिथेच काळवंडत राही आणि पुढच्या वर्षी त्यावर नवे बसे. या खाचेतले कुंकू एका वर्षाचे नव्हते.

"तुम्ही दसऱ्याला याची पूजा करता?" तिने सहज विचारावे तसे विचारले.

"छे हो! मी नाही मानत असलं काही," शुभंकर म्हणाला.

हे एकच उत्तर त्याने प्रामाणिकपणे दिले होते, आणि त्यानेच तो सापडला. तिने नखाकडे पाहिले, त्यानेही पाहिले. मामांनी चष्मा वर सरकवला आणि अतिशय हळू आवाजात विचारले, "निष्कर्ष मी काढू, की तू काढतेस?"

"हा कॅमेरा कुणाचा आहे?" उत्कर्षा म्हणाली.

"माझा. सांगितलं ना."

"तुम्ही मानत नाही, तर कुंकू कुणी लावलं?"

"मला काय माहीत? घ्यायचा तर घ्या, नाहीतर राहू दे. दुसरे येतायत बघायला."

"ते दुसरे," मामा म्हणाले, "खालून येणार म्हणून आपण सारखे वाकून बघताय? मग दर वेळी बघून येताना चेहऱ्याचा रंग का जातो?"

उत्कर्षाने मोबाइल काढला. "फोटोग्राफर लोकांचा एक ग्रुप आहे. कुणाचा कॅमेरा चोरीला गेला तर त्यावर कॅमेऱ्याच्या तळाशी छापलेला नंबर टाकतात. मी हा नंबर विचारून बघते. कुणी काही बोललं नाही, तर लगेच घेते."

"नको!" शुभंकरने झेप घेऊन तिच्या मोबाइलवर हात ठेवला. मामा ताडकन उठले. "हात बाजूला घ्या," ते म्हणाले. त्यांचा आवाज तापला की बारीक होई. तो तसा झाला होता. "आधी हात. मग बोलू."

"काका, प्लीज. त्या ग्रुपवर नका टाकू. तिथे सगळे ओळखतात हा कॅमेरा."

"म्हणजे चोरीचाच!"

तेवढ्यात बेल वाजली.

शुभंकरचा हात आपोआप खाली आला. बेल पुन्हा वाजली, या वेळी लांब. तो दाराकडे गेला तो पकडला गेलेला माणूस जातो तसा, आणि उत्कर्षाला वाटले की, आता दारात पोलीस दिसणार.

दारात एक म्हातारे गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट, पायजमा, आणि गळ्यात शाळकरी मुलाच्या ओळखपत्रासारखे एक कार्ड, त्यावर मोठ्या अक्षरांत घराचा पत्ता आणि फोन नंबर.

"खाली बाकावर आज कुणीच नाय," ते चपला काढत म्हणाले. "समदी मॅच बघत बसलीत." मग त्यांची नजर आत गेली. "पाव्हणं कोण, शुभंकर?"

कुणी उत्तर देण्याच्या आत त्यांना उत्कर्षाच्या हातातला कॅमेरा दिसला. ते सरळ तिच्यापाशी आले.

"डावा हात खालून लाव, बाय. पिशवी हाय व्हय ती, वरून धरायला?"

तिने मुकाट्याने हात खाली नेला. कॅमेरा एकाएकी हलका वाटला.

"आता कसं! कुणाच्यात कार्य हाय? ऑर्डर द्यायला आलाय न्हवं? दिगंबर फोटो स्टुडिओ म्हटलं की हडपसरात कुणीबी सांगंल."

"बाबा," शुभंकर घाईने म्हणाला, "ऑर्डर नाही. ही कॅमेरा सर्व्हिसिंगला न्यायला आलीय."

आणि त्याने उत्कर्षाकडे पाहिले. इतका वेळ उद्दामपणे बोलणाऱ्या त्या तरुणाच्या डोळ्यांत आता केवळ विनवणी होती. गॅलरीतून तो कुणाची वाट पाहत होता, सहाच्या आत काय उरकायचे होते, हे सारे तिला एकदमच कळले.

"सर्व्हिसिंगला?" दिगंबरकाका म्हणाले. "मग सोमवारच्या आत दे. मांजरी गावात एकाची साठी हाय. शब्द दिलाय मी."

"हो, काका" एवढेच म्हणायचे होते. तीन शब्दही नव्हते. कॅमेरा पिशवीत घालायचा, पैसे खाली जाऊन मुलाला द्यायचे, आणि उद्या सकाळी पाळण्यापाशी उभे राहायचे. ही चोरी नव्हती. मुलगाच विकत होता आणि त्याला काही कारण असणार. तिने मामांकडे पाहिले. समोरच्याचे वाक्य खोडल्याशिवाय ज्यांचा दिवस जात नसे, ते मामा खिडकीबाहेर पाहत होते. हा निष्कर्ष त्यांनी तिच्यावर सोडला होता.

सोमवारी हा माणूस विचारणार, आला का कॅमेरा? मंगळवारी विचारणार. त्या प्रत्येक दिवशी कॅमेरा तिच्या घरात असणार.

"नाही, काका," ती म्हणाली. "मी विकत घ्यायला आले होते. तुमचा आहे हे आत्ता कळलं."



"विकत?" दिगंबरकाका मुलाकडे वळले. "माझा कॅमेरा? मला न विचारता?"

"विचारून काय होणार होतं?" शुभंकरचा आवाज फुटला. "वैशाखात राजनंदिनीच्या लग्नाचे फोटो काढलेत. घरी आलात आणि कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड कोरं करून टाकलंत. एक फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घेतला नव्हता, बाबा, एक! तिचे वडील इथे, या सोफ्यावर बसून रडले. आणि तुम्ही त्यांना विचारलंत, कुणाचं लग्न?"

"मी?"

"तुम्ही. आता सोमवारी मांजरीत कुणाचं कोरं करणार? मी कुणाकुणाचे पाय धरू?"

"मला सांगायचंस की मग."

"सांगितलं. दर वेळी सांगितलं. दर वेळी तुम्ही हेच म्हणालात, मला सांगायचंस."

दिगंबरकाका सोफ्यावर बसले; आणि कुठे बसलो हे ध्यानात आल्यासारखे थोडे बाजूला सरकले. त्यांनी हात पुढे केला. उत्कर्षाने कॅमेरा त्यांच्या हातात दिला. अंगठा झिजलेल्या रबरावर आपोआप जाऊन बसला. त्यांनी कार्डाचे झाकण उघडले, आत पाहिले, मिटले.

"राजनंदिनी," ते म्हणाले. "तिचं बारसं मी काढलेलं. पाळण्यात झोपंना पोरगी." मग त्यांनी विचारले, "केवढ्याला देत हुता?"

उत्कर्षाने आकडा सांगितला. त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावरचे दुःख गेले नाही, पण त्यावर धंदेवाल्याचा अस्सल तिरस्कार उमटला.

"तेवढ्यात नुसती ही झूम येती, ती बी फुटकी! विकायचंच हुतं तर धंदा तरी नीट करायचास."

उत्कर्षाजवळ त्याहून अधिक एक रुपया नव्हता. "एवढेच आहेत माझ्याकडे, काका," ती उठत म्हणाली. "राहू दे."

"बस. काम कसलं हाय?"

"उद्या सकाळी बारसं. पहिलंच आहे."

"आणि कॅमेरा आज घेतीस?"

"हो."

"अवघड हाय," ते म्हणाले, आणि ते खोटे नव्हते.

मग त्यांनी न पाहता, एका हाताच्या वळशाने मोठी लेन्स सोडवली. जिला कालचे आठवत नव्हते त्या स्मरणशक्तीला हे विचारावेच लागले नाही. लेन्सला दोन्हीकडून झाकणे लावून त्यांनी ती मांडीवर ठेवली आणि छोटी लेन्स कॅमेऱ्याला चढवली.

"हे दोन घे तेवढ्यात. सौदा सरळ हाय. पन्नासची पुरंल, पण पाळण्याजवळ जाऊन उभं ऱ्हावं लागंल. लांबून कोपऱ्यातनं जमायचं नाय. आणि ही मोठी माझ्यापाशी ऱ्हाईल."

"बाबा, पण कॅमेऱ्याशिवाय लेन्सने..."

"फोटू निघत नाय. ठाव हाय मला," दिगंबरकाका म्हणाले. "पन दसऱ्याला कुंकू कशाला लावू?"

"मांजरीला मी फोन करतो," एवढेच शुभंकर म्हणाला, आणि वडिलांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच, हे कुणालाच कळले नाही.

मामांनी या वेळी बिल मागितले नाही.

निघताना दिगंबरकाकांनी तिचा नंबर मुलाच्या फोनमध्ये घालून घेतला, आणि काय विचारायचे ते गळ्यातल्या कार्डाच्या मागे लिहून ठेवले. "उद्या इचारतो तुला. घरात शिरलं की पहिलं फोटू उतरवायचे. चपला बी नंतर काढायच्या."

दुसऱ्या दिवशी ती पाळण्याच्या इतकी जवळ उभी राहिली की, आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितले ते तिलाही ऐकू आले. बाळाने जांभई दिली, तीही तिला मिळाली. घरी येताच तिने चपलांसकट टेबलाशी बसून फोटो संगणकावर उतरवले.

दुपारी फोन वाजला. "दिगंबर बोलतोय, स्टुडिओवाला. कार्ड उतरवलंस का?"

तिने संगणक उघडून पाहिले. "उतरवलं, काका."

जेवणे आटोपत होती तेव्हा तो पुन्हा वाजला. तोच प्रश्न. तिने हात पुसून पुन्हा संगणक उघडला आणि पुन्हा तेच सांगितले. संध्याकाळी तिसरा फोन आला, तेव्हा मामा चहाला आलेले होते.

"दोनदा 'हो' म्हणून झालंय," तिला खुर्चीवरून उठताना पाहून ते म्हणाले. "तिसऱ्यांदा बघून नवीन काय निष्पन्न होणार?"

"त्यांनी तिसऱ्यांदा नाही विचारलं, मामा," उत्कर्षा म्हणाली. "पहिल्यांदाच विचारलंय."

तिने फोन कानाशी धरूनच फोटो एकेक पुढे सरकवले : पाळणा, आत्या, जांभई.

"आहेत, काका," ती म्हणाली. "सगळे आहेत."