सतरावं वाहन

हेमलताला दिग्विजयचं नाक कापायचं होतं, आणि तेही चारचौघांत. एकट्यात गाठून चार शब्द सुनावण्यानं तिचं समाधान झालं नसतं. त्यानं जे केलं ते तिच्या पाठीमागं केलं होतं. तिला मात्र दिवसाढवळ्या, मालकांच्या डोळ्यांदेखत उट्टं काढायचं होतं.

मालक म्हणजे बंडोपंत. पिरंगुटच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची पत्र्याची शेड होती. पूर्वी तिथं लेथ चालायचे, आता लढाऊ हेलिकॉप्टरचे सिम्युलेटर बनत होते. कॉकपिट खऱ्यासारखं, समोरच्या पडद्यावर खोटे डोंगर, आणि जमीन न सोडता उडायला शिकायचं. त्यातलं रडार हेमलताचं. भुकूमहून रोज बसनं येत तिनं चौदा महिने त्यावर रक्त आटवलं होतं. रडारला मर्यादा असतात, तशा तिनं यालाही दिल्या होत्या. हे रडार एका वेळी सर्वांत जवळची सोळाच वाहनं दाखवायचं. सतरावं समोर उभं असलं तरी पडद्यावर यायचं नाही. मग एक बटण फिरवून रडारची नजर अरुंद करायची, आजूबाजूची वाहनं गाळायची, की ते दिसायचं. हे सगळं तिनं माहितीपुस्तकाच्या अकराव्या पानावर लिहिलं होतं. पानाचं नाव होतं, ‘या रडारला काय दिसत नाही’.

मार्च २००७ मध्ये तिचे वडील गेले. ती परभणीला तेराव्याच्या गडबडीत असताना तिचा वरिष्ठ दिग्विजय यानं पुस्तकावर स्वतःचं नाव घातलं आणि अकरावं पान काढून टाकलं. “काय दिसत नाही ते गिऱ्हाइकाला कशाला सांगायचं?” ती परत आल्यावर तो म्हणाला, आणि त्याच दमात वडिलांचं ऐकून वाईट वाटलं असंही म्हणाला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती बोलली नाही. जूनमध्ये पहिला सिम्युलेटर उत्तरेतल्या एका प्रशिक्षण केंद्राकडे रवाना झाला, तेव्हाही ती मूग गिळून बसली. दुसऱ्या सिम्युलेटरची पाहणी नोव्हेंबरात होती, आणि तिचा सगळा जीव त्या पाहणीत अडकला होता.

कारण बंडोपंतांचा लेथच्या काळापासून एक नियम होता. ज्यानं जोडलं त्यानंच पाहुण्यांसमोर चालवायचं. पुस्तकावर नाव दिग्विजयचं, म्हणजे रडार त्याचं, आणि उडवणारही तोच. आणि पाहणीसाठी लढाईचा प्रसंग रचायचं काम आलं हेमलताकडे! ते समजलं त्या संध्याकाळी ती बसमध्ये एकटीच हसत राहिली. शेजारच्या बाईनं आपली पर्स जवळ ओढून घेतली.

तिनं पडद्यावरच्या घाटात सोळा वाहनं ओळीनं लावली. दुधाचे टेम्पो, वाळूचे ट्रक, वऱ्हाडाची एक बस. त्यांच्या मागं, जरा लांब, क्षेपणास्त्राची गाडी. ती सतरावी. यात लबाडी कणभर नव्हती. ज्याला रडार कळतं तो बटण फिरवून पाच सेकंदांत सुटला असता.

पाहणीच्या सकाळी चहावाल्या केशरबाईंनी तिच्यापुढं कप ठेवला. “ताई, त्या सायबावर डूख धरून हायेस न्हवं? आठ म्हैनं बघतीया मी. त्यो दिसला की तुजा चा गार व्हतोय.”

“आज गरम पिणार, केशरबाई.”

“पी की. पन असलं लई दिस पोटात ठिवू न्हाई. आपल्यालाच बाधतंय.”

अकराला त्याच प्रशिक्षण केंद्राचे प्रमुख आले. विंग कमांडर, मराठीच, बोलायला मोजके. दिग्विजय नवा टाय लावून कॉकपिटमध्ये बसला. रडारवर सोळा ठिपके आले. “सगळी साधी वाहनं आहेत, सर. पुढं रस्ता मोकळा,” तो ऐटीत म्हणाला आणि डोंगराआडून वर आला. पडदा लाल झाला. हेलिकॉप्टर खलास.

“पुन्हा,” विंग कमांडर म्हणाले.

पुन्हा लाल. तिसऱ्यांदा त्याच्या टायखाली घाम दिसायला लागला. दिसतील ती सगळी बटणं त्यानं दाबून पाहिली, फक्त एक सोडून. हेमलता भिंतीला टेकून उभी होती आणि त्याचं प्रत्येक मरण चवीनं बघत होती. तिला फार बरं वाटत होतं. तीन काय, तीस वेळा मेला असता तरी तिला चाललं असतं.

“सर, खरं म्हणजे रडार या हेमलतानं केलंय,” दिग्विजय शेवटी म्हणाला.

आठ महिन्यांनी तिचं नाव त्याच्या तोंडून निघालं, तेही गळ्यात घोंगडं अडकवायला. बंडोपंतांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो मुकाट्यानं खाली उतरून समोरच्या स्टुलावर बसला. “मग नियमानं तूच चालव, पोरी,” ते तिला म्हणाले.

ती बसली. बटण फिरवलं. टेम्पो, ट्रक, वऱ्हाड, सगळं गळून पडलं आणि एकच ठिपका उरला. तिनं डोंगराआडून तो टिपला. पाच सेकंदही लागले नाहीत.

“हे कुठं लिहिलंय?” विंग कमांडरांनी विचारलं.

“अकराव्या पानावर. यांनी मार्चमध्ये ते काढून टाकलं.” हे वाक्य तिनं घरी आरशासमोर किती वेळा म्हणून पाहिलं होतं!

“आणि तुम्हाला हे केव्हा कळलं?”

“मार्चमध्येच.”

विंग कमांडर म्हणाले, “आमचं यंत्र जूनमध्ये आलं. पाच महिने माझे वैमानिक त्याच्यावर शिकतायत. रडारवर जे दिसत नाही ते डोंगरामागं नाहीच, हेच शिकतायत. दोन तुकड्या शिकून बाहेरही पडल्या.”

ही वैमानिक माणसं हेमलताच्या हिशेबात कधी आलीच नव्हती. आठ महिने तिला डोळ्यांसमोर एकच माणूस दिसत होता.

विंग कमांडरांनी बंडोपंतांच्या टेबलावरचा फोन ओढून केंद्राला लावला. सराव थांबवायला सांगितला, आधीच्या दोन्ही तुकड्यांना परत बोलवायला सांगितलं आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला. “आमचे प्रशिक्षक आहेत. पान सांगा त्यांना. लिहून घेतील.”

ते पान तिला तोंडपाठ होतं. तिनं ते सावकाश, शब्दन् शब्द सांगितलं. पलीकडून कागदावर पेन चालल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला.

“मॅडम, एक विचारू? हे तुम्हाला माहीत होतं, तर आम्हाला आधी का नाही सांगितलं?”

तिच्यापाशी उत्तर होतं. ते समोरच स्टुलावर, मान खाली घालून, टाय सैल करत बसलं होतं. पण फोनवर ते कोणत्या तोंडानं सांगायचं, हे तिला कळेना.